आवाज येतोय का, सर?

सरांच्या व्हिजिटिंग कार्डावर तीन ओळी आहेत: तंत्रज्ञान-लेखक, डिजिटल सल्लागार, रेडिओ निवेदक. यातली आधी कोणती आली हे आता सरांनाही सांगता येणार नाही. वर्तमानपत्राने त्यांना सदर दिलं ते 'रेडिओवर बोलतात' म्हणून. रेडिओवाल्यांनी बोलावलं ते 'पेपरात लिहितात' म्हणून. आणि सल्ला मागायला येणारी मंडळी, हा माणूस लिहितोही आणि बोलतोही म्हणजे याला काहीतरी कळत असणारच, या हिशेबाने येतात. तिघांपैकी कोणाला चौकशी करावीशी वाटलीच तर ती उरलेल्या दोघांकडेच करावी लागेल, इतका हा बंदोबस्त पक्का आहे.

असे सर प्रत्येक शहरात एखाद-दुसरे असतात. कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडे एकेक. पुण्यात साधारण पेठेला एक. मी सांगतोय ते पुण्यातले. मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत उपसंपादक होतो तेव्हा त्यांचं सदर माझ्या टेबलावरून जायचं. मला ते 'संपादकसाहेब' म्हणत. मी संपादक नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण फ्रीलान्स माणूस समोरच्याला नेहमी एक पायरी वर चढवूनच बोलतो. न जाणो, उद्या खरंच चढला तर?

कार्डावरची मधली ओळ मात्र दर काही वर्षांनी बदलते. १९९९ मध्ये तिथे 'वाय-टू-के सल्लागार' होतं. जुन्या संगणकांत सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले असत. त्यामुळे २००० उजाडलं की संगणकाला ते १९०० वाटणार आणि बँकांपासून विमानांपर्यंत सगळं कोलमडणार, अशी तेव्हा धास्ती होती. सरांनी एका पतसंस्थेचे संगणक तपासून दिले. नव्या वर्षात पतसंस्था उघडली आणि काहीच झालं नाही. काही झालं नाही ते आपल्यामुळेच, असं सरांनी जाहीर केलं, आणि ते खोडून काढायला कोणाकडेच पुरावा नव्हता. त्या संस्थेचे दोन्ही संगणक नोटिसा टाइप करायला वापरत आणि हिशेब रोजकीर्दीत हाताने लिहीत, एवढा तपशील सरांकडून सांगायचा राहून जातो.

पुढे त्या ओळीत वेबसाइट आली, ब्लॉग आला, सोशल मीडिया आला, ब्लॉकचेन आलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक चालवणाऱ्या कंपनीने आपलं नाव 'मेटा' केलं. पंधरवड्यात सरांनी 'मेटाव्हर्स सल्लागार' छापून घेतलं, आणि नेमकी तीच कार्डं एक हजार काढली, कारण हजाराला दर कमी पडत होता. पुढच्या वर्षी नोव्हेंबर संपता संपता चॅटजीपीटी आलं तेव्हा त्यातली नऊशेच्या वर शिल्लक होती. हल्ली सर कार्ड देताना खिशातून पेन काढतात, 'मेटाव्हर्स'वर रेघ मारतात आणि वर सुबक अक्षरात 'एआय' लिहितात. घेणाऱ्याला वाटतं, खास आपल्यासाठी लिहिलं.

जुन्या आठवणींचा साठाही त्यांच्याकडे दांडगा आहे. १९९१ मध्ये सी-डॅकने पुण्यात 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्या काळात आपण पुण्यात होतो, हे सर अशा काही सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला निदान एक-दोन स्क्रू यांनी पिळले असावेत असं वाटतं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्याविषयी तर ते स्वातंत्र्यसैनिकासारखे बोलतात. त्या वेळचा मॉडेम जोडणी करताना जो आवाज काढायचा, तो सर तोंडाने हुबेहूब काढतात. आधी डायल टोन, मग नंबर, मग ती किंचाळी, मग ती खरखर, आणि शेवटी लाइन तुटली की 'च्यक्'. रेडिओवर हा नमुना त्यांनी पहिल्यांदा सादर केला तेव्हा ड्यूटीवरच्या इंजिनिअरने ट्रान्समिशन बिघडलं समजून फोनाफोनी सुरू केली होती.

आता सदराचं सांगतो, कारण ते मी हातांनी कापलेलं आहे.

सर आठशे शब्द पाठवत. पुरवणीत जागा सातशेची. शनिवारी दुपारी जाहिरात विभागातून कोणीतरी यायचं, "खाली अर्धं पान आलंय हं," म्हणायचं, आणि सातशेचे साडेचारशे व्हायचे. वेळ नसला की मजकूर खालून कापायचा, हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज. सरांच्या लेखात वर धोका असायचा आणि खाली उपाय. त्यामुळे कित्येक रविवारी वाचकांना फक्त धोका मिळाला. तुमचं बँक खातं कसं रिकामं होऊ शकतं हे सविस्तर कळायचं, ते वाचवायचं कसं हे साबणाच्या जाहिरातीखाली गेलेलं असायचं. सर शहाणे, त्यांनी पुढे उपाय वर आणि धोका खाली लिहायला सुरुवात केली. मग लोकांना आपण नेमके कशातून वाचतोय ते कळेना.

शिवाय फॉन्ट. सर युनिकोडमध्ये लिहिणार, आमची पानं जुन्या फॉन्टात लागणार, मध्ये एक कन्व्हर्टर. तो कन्व्हर्टर 'ऱ्या' दिसला की बिथरायचा. पण त्याची खरी दुश्मनी 'ॲ'शी. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली तीच मुळी २००८ मध्ये, आणि आमचा कन्व्हर्टर त्याच्या आधीचा. त्याला हे अक्षर दिसलं की तो तिथे एक रिकामा चौकोन ठेवून पुढे जायचा. तंत्रज्ञानाच्या सदरात दर दुसऱ्या ओळीला 'ॲप' येणार. एका रविवारी आख्खा लेख चौकोन-प, चौकोन-प करत छापून आला. मंगळवारी वाचकाचं पोस्टकार्ड: 'लेख उद्बोधक होता. चौकोन कोठून डाउनलोड करावा ते कळवावे.' सरांनी ते कार्ड जपून ठेवलंय. त्यांच्या मते वाचक लेख शेवटपर्यंत वाचतात याचा तो पुरावा आहे.

मथळे आम्ही द्यायचो, हे मात्र मला आता थोडं खटकतं. सरांनी 'घरातील उपकरणांचा वीजवापर मोजणारी साधने' असा साधासुधा लेख दिला की वर आम्ही 'सावधान! तुमचा फ्रिज तुमच्यावर नजर ठेवतोय' असं चढवायचो. सोमवारी सरांना सोसायटीतल्या चार बायकांनी जिन्यात गाठलेलं असायचं.

मानधनाचा विषय सर हसत काढतात, पण दर वेळी तेच काढतात. फ्रीलान्स माणसाचं बिल ही एक अनादि-अनंत गोष्ट असते. आधी ते मिळालेलं नसतं. मग मिळालेलं असतं पण त्यावर पॅन नंबर नसतो. मग पॅन असतो, पण व्हेंडर कोड नसतो. मग अकाउंट्समधले ज्यांना ते माहीत असतं ते रजेवर असतात. शेवटी उत्तर येतं: "सर, प्रोसेसमध्ये आहे." सल्ल्याच्या बिलांवर तर आणखी एक गंमत. व्यावसायिक शुल्कावर दहा टक्के टीडीएस कापायचा असतो, आणि तो पैसे देताना किंवा बिल हिशेबात चढवताना, जे आधी होईल तेव्हा. कंपन्या मार्चअखेर बिल चढवतात, कर कापून सरकारला भरतात, आणि उरलेल्या रकमेचं नंतर बघतात. त्यामुळे सर जूनमध्ये आपलं २६एएस, म्हणजे करजमेचं पत्रक, उघडतात तेव्हा त्यांच्या कमाईचा दहावा हिस्सा सरकारदरबारी सुखरूप पोचलेला असतो, आणि बाकीचे नऊ हिस्से प्रोसेसमध्ये. "माझ्या उत्पन्नावर सरकारचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे," असं ते म्हणतात.

सल्ला फुकट मागणाऱ्यांची तर गणतीच नाही. लग्नात अक्षता पडल्या की माणसं वधूवरांकडे जाण्याआधी सरांकडे येतात. "जरा फोन बघता का? स्लो झालाय." फोनमध्ये सुप्रभातच्या गुलाबांचे हजारो फोटो असतात. ते काढू का विचारलं तर गृहस्थ म्हणतो, "नको, पाठवणाऱ्याला वाईट वाटेल." एकदा एका दहाव्याला घाटावर मंडळी कावळ्याची वाट बघत ताटकळली होती, तेवढ्यात मृताच्या थोरल्या भावाने सरांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "प्रिंटर घ्यायचा तर इंकचा की लेझर?" सरांनी लेझर सांगितलं. कावळा लगेच शिवला. योगायोग असेल, पण सरांच्या त्या कुटुंबातल्या शब्दाला तेव्हापासून फार वजन आहे.

पैसे देऊन सल्ला घेणारेही आहेत, नाही असं नाही. पण अनुभव असा की जे पैसे देतात ते ऐकत नाहीत आणि जे ऐकतात ते पैसे देत नाहीत. एका मिठाईवाल्यांना संपूर्ण डिजिटल व्हायचं होतं. सरांनी चाळीस स्लाइडी दाखवल्या. मालकांनी डोळे मिटून ऐकल्या, मधूनमधून बाकरवडीची बशी पुढे सरकवली, आणि शेवटी विचारलं, "म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा, असंच ना?" तो काढला. तो चाललाही जोरात. सर आपल्या कामाच्या यादीत त्याला 'ओम्नीचॅनेल ग्राहकसंवाद' म्हणतात.

व्याख्यानांत पाकीट असतं, किंवा नसतं. शाल-श्रीफळ नक्की असतं. सरांच्या कपाटात एक खण शालींचा आहे. व्याख्यानाला जाताना त्यांच्याजवळ एक कापडी पिशवी असते, आणि मला विचाराल तर त्यांची खरी विद्या त्या पिशवीत आहे. ज्येष्ठ नागरिक संघाचा प्रोजेक्टर व्हीजीएचा, सरांचा लॅपटॉप एचडीएमआयचा. पिशवीतून पिना, जोडण्या, वायरी निघत राहतात, तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसवणारं एक काळं बोंडूक निघतं, चिकटपट्टी निघते, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून नदीतला एक गोटा निघतो. पडद्यावर चित्र उमटलं की सभागृहात टाळ्या पडतात. पुढच्या एआयच्या व्याख्यानाला त्या टाळ्यांची सर येत नाही.

घरी या विद्येला किंमत शून्य. पासवर्ड कागदावर कधीही लिहू नका, असं सर दर महिन्याला रेडिओवर सांगतात. वहिनींनी घरातले सगळे पासवर्ड पाककृतींच्या वहीत लिहिलेत, वीजबिलाचा उपवासाच्या पदार्थांत, बँकेचा पक्वान्नांत. सर बाहेरगावी गेले की हॉटेलमधून घरी फोन करतात, "अगं, जरा पुरणपोळीचं पान काढ."

पण सरांना त्यांच्या खऱ्या रूपात बघायचं तर रेडिओवर. गुरुवारी संध्याकाळी त्यांचा थेट कार्यक्रम असतो, श्रोत्यांचे फोन घेऊन. सरकारी रेडिओवर कंपन्यांची फुकट जाहिरात करायची नाही, असा दंडक. सर तो कसोशीने पाळतात, त्यामुळे त्यांचं निवेदन बरंचसं उखाण्यासारखं ऐकू येतं. "एक विख्यात शोधयंत्र", "हिरव्या रंगाचं निरोपाचं ॲप", "एका अर्धवट खाल्लेल्या फळाचं चिन्ह असलेली कंपनी". ट्विटरला ते वर्षानुवर्षं 'निळा पक्षी' म्हणत आले. २०२३ च्या जुलैमध्ये तो पक्षी उडवून तिथे एक्स आलं, आणि सर दोन गुरुवार गप्पच होते. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी 'ती फुली' म्हणायला सुरुवात केली. लगेच एका आजोबांचा फोन: "सर, फुलीवर दाबलं तर बंद नाही का होणार?"

फोन करणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आवाज येतोय का, सर?" येत असतो, दोनदा येत असतो, कारण त्याने घरातला रेडिओ शेजारीच मोठ्याने लावलेला असतो. "आधी रेडिओ बारीक करा," असं सर सांगतात. तो उठून रेडिओ बारीक करायला जातो आणि प्रश्न विसरून परत येतो. सर अजिबात चिडत नाहीत. "घाई नाही. स्क्रीनवर काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा." पलीकडून माणूस एकेक अक्षर लावत वाचतो. पाचातल्या तीन प्रश्नांचं उत्तर त्या वाचण्यातच असतं. आजवर त्याला कोणी वाचायला सांगितलेलं नसतं, सगळ्यांनी हातातून फोन घेऊन दुरुस्त करून परत दिलेला असतो. भविष्याबद्दल सर काय वाटेल ते ठोकतात, ते सोडून द्या. पण घाबरलेल्या माणसाला एका वेळी एकच बटण सांगावं, आणि त्याने 'हं' म्हटल्याशिवाय दुसरं सांगू नये, हे मी या एका माणसात पाहिलं. याचं बिल ते कुठल्याच ओळीखाली लावत नाहीत.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक त्यांनी ऐकणाऱ्यांच्या डोक्यात बसवला तो असाच. "दांडीयात्रेचं साल. पैसे गेले की मीठ उचलायला लगेच निघायचं, दुसऱ्या दिवशी नाही." पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच, हे त्यांनी एवढ्यात सांगून टाकलं. शाळेत सनावळ्यांना वैतागलेल्या एका आजींनी हा नंबर फिरवून पेन्शन वाचवली.

खुद्द सरांनाही एकदा त्या भामट्यांचा फोन आला. आम्ही क्राइम ब्रँचमधून बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. अशी अटक कायद्यात नाहीच, हे सरांनी शेकडो वेळा सांगितलेलं. दुसरा कोणी फोन ठेवून मोकळा झाला असता. सरांमधला सल्लागार जागा झाला. "असं बघा," ते म्हणाले, "पार्सल आणि अटक यांच्यामध्ये तुमचं काहीतरी निसटतंय. माणसाला घाबरायला वेळ द्या ना! आणि पुण्यात फोन लावताय तर सुरुवात मराठीतून करा. शिवाय मागे कुकरच्या शिट्ट्या होतायत. क्राइम ब्रँचला कुकर असतो का?" पलीकडच्याने निमूट ऐकून घेतलं. मध्ये एकदा "एक मिनिट सर" म्हणून तो उठला, आणि शिट्ट्या थांबल्या. मग सरांनी फोन ठेवला आणि तो नंबर सायबर तक्रारींच्या पोर्टलवर कळवून टाकला. "वाईट वाटलं," ते मला म्हणाले. "माझी सूचना मीटिंग चालू असताना अमलात आणणारा तो पहिलाच."

एका गुरुवारी मी त्यांच्याबरोबर स्टुडिओत गेलो होतो. दुहेरी काचेपलीकडे मी, अलीकडे सर. समोर सुटे कागद, कारण टाचणी लावलेले कागद उलटताना माइकवर वाजतात. कार्यक्रम संपायला चारेक मिनिटं असताना जुन्नरकडून एक फोन लागला. आवाजात वारा भरलेला.

"आवाज येतोय का, सर? मी चिंचेवर आहे."

सरांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. "चिंचेवर म्हणजे?"

"झाडावर हो. खाली रेंज नाही. पिकाची नोंद करायची आहे मोबाइलवर. शेवटची तारीख जवळ आली."

२०२१ पासून राज्यात पीकपाहणी शेतकऱ्याने स्वतः करायची असते, आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. या गड्याची अडचण सरळ होती. शेतात उभा राहिला तर रेंज नाही. रेंजसाठी चिंचेवर चढला तर चिंच शेजाऱ्याच्या बांधापलीकडे, आणि ॲप म्हणतं तुम्ही गटाबाहेर आहात.

"स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचा," सर म्हणाले. तो वाचू लागला. पलीकडच्या खोलीतून निर्मात्या बाईंनी हाताची कात्री करून दाखवली. बातम्या कोणासाठी थांबत नाहीत. सरांनी त्याचा नंबर कागदावर उतरवला, "दादा, तुम्ही आधी सावकाश खाली उतरा," एवढं म्हणाले, आणि समारोपाची धून वाजली.

बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी स्वतःच्या फोनवरून त्याला लावलं. फोटो खाली गटात काढायचा, जतन करायचा, आणि तो पाठवायला फक्त वर चढायचं, असा तोडगा त्यांनी काढला होता. पण माणूस खाली उतरला की फोन तुटायचा. सर वाट बघायचे. मग पलीकडून वारा ऐकू यायचा. "फोटो उलटा आला, सर." परत खाली. "बोट मध्ये आलं." परत खाली. टपरीवाल्याने दोनदा चहा गरम करून दिला. सोयाबीन नीट दिसतंय का, अंगठा कुठे ठेवलाय, कशावर दाबलं, फिरतंय ते चक्र थांबलं का, सर एकेक विचारत होते, आणि 'हं' आल्याशिवाय पुढे सरकत नव्हते.

"झालं! हिरवी खूण आली, सर!"

"शाब्बास. आता उतरा."

"उतरतो की." वारा थोडा वेळ नुसताच वाहिला. "बरं सर, एक विचारू? मघाशी मी रेडिओवर एवढा वेळ बोललो. त्याचं काही मानधन-बिनधन असतं का हो?"

सरांनी चहाचा घोट घेतला.

"असतं की," ते म्हणाले. "प्रोसेसमध्ये आहे."